सिमेंटच्या शेजारी भाजीबाजार

भारतातून पाहुणे आले की व्हँकूवरमध्ये त्यांना काय काय दाखवायचे, याची यादी आपल्या प्रत्येकाच्या घरी ठरलेली असते. पहिल्या दिवशी स्टॅनली पार्क, दुसऱ्या दिवशी कॅपिलानोचा झुलता पूल आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांचे पाय दुखू लागले की ग्रॅनव्हिल आयलंड. तिथे पाहुणे चेरी खातात, समुद्रपक्ष्याने कुणाच्या तरी हातातला पाव पळवलेला पाहून खळखळून हसतात, काचेची एखादी वस्तू विकत घेतात. मात्र त्यांच्यापैकी एखादा चौकस माणूस परतताना हमखास विचारतो, "इतक्या मोक्याच्या जागेवर तो सिमेंट-काँक्रीटचा कारखाना अजून कसा काय ठेवलाय हो? हलवत का नाहीत?"

प्रश्न रास्त आहे. खाडीच्या काठी, शहराच्या ऐन मध्यावर, भाजीबाजार आणि नाट्यगृहांच्या हाकेच्या अंतरावर वाळू-खडीचे ढीग, उंच टाक्या आणि काँक्रीट कालवणाऱ्या मालमोटारींची ये-जा. कोणत्याही बिल्डरच्या तोंडाला पाणी सुटावे अशी ही जागा. ती तशी का ठेवली, याच्या उत्तरात या साऱ्या ठिकाणाचा इतिहास दडलेला आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, नगररचना हा काही माझा विषय नव्हे. पण अभियांत्रिकीत डॉक्टरेट करताना एक खोड लागली ती लागलीच : एखादी यंत्रणा व्यवस्थित चालताना दिसली की ती का चालते हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. बिघडलेल्या यंत्रणेबद्दल सगळेच बोलतात, चालणारीबद्दल फारसे कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

वाळूचे दोन दांडे

आज जिथे ग्रॅनव्हिल आयलंड आहे तिथे पूर्वी जमीनच नव्हती. फॉल्स क्रीक ही समुद्राची चिंचोळी खाडी, आणि ओहोटीच्या वेळी तिच्यात वाळूचे दोन दांडे उघडे पडत. जवळच स्क्वामिश लोकांचे सेनाक्व नावाचे गाव होते. मस्क्वियम आणि त्स्लेल-वौतुथ या शेजारच्या लोकांचाही या पाण्यावर वावर असे. ही माणसे दांड्यांपाशी मासे अडवून पकडत. इंग्रजी अमलात त्या गावाभोवतीची सुमारे ८० एकर जमीन 'राखीव' म्हणून नोंदली गेली, पण शहर वाढले तशी तीही डोळ्यांत सलू लागली. १९१३ साली प्रांतिक सरकारने तिथल्या कुटुंबांना हाती पैसे टेकवून गाव सोडायला लावले आणि बार्जवर बसवून रवाना केले. न्यायालयात फार वर्षे लढल्यावर त्यातली सुमारे साडेदहा एकर जमीन या शतकाच्या सुरुवातीला स्क्वामिश लोकांना परत मिळाली आणि २०२२ साली तिच्यावर त्यांनी स्वतःच्या मालकीचा मोठा गृहप्रकल्प सुरू केला. बेटाची गोष्ट कौतुकाची आहे, पण तिची सुरुवात या अन्यायाशेजारी होते हे विसरून चालणार नाही.

१९१५ साली व्हँकूवरच्या बंदर मंडळाने या वाळूच्या दांड्यांचे बेट करायचे ठरवले. भोवती लाकडी खुंट ठोकले गेले आणि खाडीतला गाळ पंपाने उपसून आत टाकण्यात आला. हा गाळ थोडाथोडका नव्हे, साडेसात लाख घनमीटरहून जास्त होता. खर्च आला सुमारे ३ लाख ४२ हजार डॉलर. नव्या जमिनीचे सरकारी नाव ठेवले 'इंडस्ट्रियल आयलंड'. पण डोक्यावरून ग्रॅनव्हिल रस्त्याचा पूल जात असल्याने लोकांनी त्याला ग्रॅनव्हिल आयलंडच म्हटले आणि तेच टिकले.

बेट तसे लहानच, सुमारे १५ हेक्टर. बंदर मंडळाने त्यावरचे भूखंड विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. पहिल्या भाडेकरूंपैकी बी. सी. इक्विपमेंट या कंपनीने लाकडी सांगाड्यावर पन्हळी पत्रा ठोकून यंत्रदुरुस्तीची शेड बांधली. मग तशाच शेड एकामागोमाग एक उभ्या राहिल्या. ब्रिटिश कोलंबियाचा सारा संसार त्या वेळी जंगल आणि खाणी यांवर चालत असे, आणि त्यांना लागणारे साखळदंड, वायररोप, बॉयलर, करवती, खिळे, पिंपे, रंग या बेटावर तयार होत. १९२३ पर्यंत जवळजवळ सगळे भूखंड भरले. १९३० च्या सुमारास सुमारे १२०० कामगार तिथे कामाला होते. काँक्रीटचा कारखानाही या पहिल्या पिढीतलाच. म्हणजे आपला चौकस पाहुणा ज्याला उपरा समजतो, तो खरे तर बेटावरचा सगळ्यात जुना रहिवासी आहे.

उतरती कळा

दुसऱ्या महायुद्धात बेटावरचे कारखाने रात्रंदिवस चालले. युद्ध संपले आणि उतरती कळा लागली. माल रेल्वे आणि बार्जऐवजी ट्रकने जाऊ लागला, कारखान्यांना शहराबाहेर स्वस्त आणि ऐसपैस जागा मिळू लागल्या. पत्र्याच्या आणि लाकडाच्या शेडना आगी लागत. १९५३ साली राइट्स कॅनेडियन रोप्स या मोठ्या कारखान्याला आग लागली आणि पुढे तो कारखाना बेट सोडून गेला. खाडीचे पाणी लाकडाच्या गिरण्यांच्या भुशाने आणि शहराच्या सांडपाण्याने इतके घाण झाले होते, की सगळी फॉल्स क्रीकच बुजवून टाकावी असा विचार झाला. ती वाचली ती कुणाला दया आली म्हणून नव्हे, खर्च परवडेना म्हणून! बेटामागचा अरुंद प्रवाह मात्र १९५० च्या दशकात बराचसा बुजवला गेला. तेव्हापासून आयलंड हे नावापुरतेच बेट उरले आहे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस व्हँकूवरमध्ये एक महत्त्वाचे भांडण झाले. शहराच्या मध्यातून मोठा फ्रीवे न्यायचा बेत होता, आणि त्याखाली चायनाटाऊनचा मोठा भाग जाणार होता. तिथल्या लोकांनी, विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांनी विरोध केला आणि फ्रीवे बारगळला. त्या भांडणातून शहराकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९७२ च्या निवडणुकीत 'टीम' या नव्या पक्षाने आर्ट फिलिप्स यांच्या नेतृत्वाखाली पालिका जिंकली, आणि खाडीचा दक्षिण किनारा कारखान्यांकडून काढून राहण्यासाठी वापरायचे धोरण पुढे आले.

मग या मोडकळीला आलेल्या बेटाचे काय करायचे?

तिसरी वाट

त्या काळी अशा जागेसाठी दोनच वाटा सर्वांना माहीत होत्या. एक म्हणजे सपाट करायचे आणि उंच इमारती बांधायच्या, किंवा हिरवळ लावून बाग करायची. दुसरी वाट नवी होती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६४ साली गिरार्डेली चॉकलेट कारखान्याच्या जुन्या विटांच्या इमारतींत दुकाने आणि उपाहारगृहे थाटली गेली. पुढे १९७६ साली बॉस्टनच्या क्विन्सी मार्केटमध्ये असाच प्रयोग गाजला. दुसऱ्या वाटेत भिंती वाचल्या, पण कामगार गेले. चॉकलेटच्या कारखान्याचे नाव उरले आणि आत चॉकलेट विकायचे दुकान आले. सिॲटलच्या लोकांनी मात्र १९७१ साली मतदान करून पाइक प्लेस मार्केट हा आपला १९०७ पासूनचा बाजार पाडण्यापासून वाचवला होता, आणि तो नुसता इमारत म्हणून नव्हे, तर शेतकरी-विक्रेत्यांसकट.

ग्रॅनव्हिल आयलंडने तिसरी वाट काढली. व्हँकूवर सेंटरचे खासदार रॉन बॅसफर्ड हे १९७२ साली केंद्रात नागरी व्यवहार मंत्री झाले. त्यांच्या पुढाकाराने बेटाचा कारभार बंदर खात्याकडून केंद्राच्या गृहकर्ज महामंडळाकडे, म्हणजे आपण घराच्या कर्जाच्या कागदपत्रांवर ज्याचे नाव वाचतो त्या सी.एम.एच.सी.कडे, देण्यात आला. गंमत पाहा, घरांसाठी जन्मलेल्या या महामंडळाने बेटाच्या जमिनीवर घरे बांधली नाहीत. धक्क्याला बांधलेली थोडी तरंगती घरे एवढाच काय तो अपवाद. केंद्राने बेटासाठी सुमारे २ कोटी डॉलर दिले आणि अपेक्षा ठेवली की पुढे बेटाने आपल्या पायांवर उभे राहावे.

या तिसऱ्या वाटेचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : जो काम करतो आहे त्याला उठवायचे नाही, जो उठून गेला आहे त्याच्या जागी नव्याला बसवायचे. काँक्रीटचा कारखाना चालू होता, म्हणून तो राहिला. त्याला वाळू-खडी बार्जने येते, म्हणजे पाण्याचा काठ ही त्याची चैन नव्हे, गरज आहे. शिवाय शहराच्या मध्यात काँक्रीट तयार झाले की तेवढ्या मालमोटारी लांबून याव्या लागत नाहीत. ज्या शेड रिकाम्या होत्या त्यांत बाजार, नाट्यगृहे, होड्या दुरुस्त करणारे, कुंभारकाम, काचकाम, विणकाम, छापकाम करणारे आले. बी. सी. इक्विपमेंटची ती पहिली पत्र्याची शेड सार्वजनिक बाजाराचा भाग झाली. १२ जुलै १९७९ रोजी बाजार सुरू झाला. १९८० साली एमिली कार कलाविद्यालय बेटावर आले, १९८४ साली बिअर गाळणारा छोटा कारखाना आला. तो कॅनडातल्या अशा पहिल्या काही छोट्या कारखान्यांपैकी एक.

रस्ता सगळ्यांचा

आराखड्याचे काम नॉर्मन हॉटसन आणि त्यांचे सहकारी योस्ट बाकर यांचे. १९७८ साली त्यांनी बेटासाठी एक मार्गदर्शक दस्तऐवज तयार केला. आमच्या धंद्यातल्या लोकांना तो वाचताना ओळखीचा वाटेल. कारण त्यात 'इमारत अशी दिसावी' यापेक्षा 'इथे कोणत्या प्रकारचे काम कशाच्या शेजारी चालावे' यावर भर आहे. चित्राआधी वर्तनाचे नियम!

त्यातली तीन-चार सूत्रे सांगण्यासारखी आहेत. पहिले, शेडचे सांगाडे, पन्हळी पत्रे, याऱ्या, रुळ हे सगळे शक्य तिथे ठेवायचे आणि नवे बांधकामही त्याच साध्या भाषेत करायचे. संगमरवर नाही, कमानी नाहीत. त्यामुळे कारखाना बाजाराशेजारी गबाळा दिसत नाही. दोघांनी एकाच कापडाचे कपडे घातलेले असतात.

दुसरे सूत्र रस्त्याचे. बेटावर बहुतेक ठिकाणी फूटपाथ उंच केलेला नाही. माणूस, मोटार, सायकल, खडीची मालमोटार, सगळे एकाच पातळीवरून जातात. हॉलंडमध्ये असे मिश्र रस्ते 'वोनर्फ' या नावाने १९७६ साली कायद्यात आले होते. इथल्या शिस्तीच्या वाहतूक अभियंत्यांना ही कल्पना धोक्याची वाटली तर नवल नाही. पुण्याच्या लक्ष्मी रोडवर वाढलेल्या माणसाला मात्र त्यात नवे काय, असेच वाटेल! फरक इतकाच की इथे रस्ता मुद्दाम असा केला आहे की गाडीवाल्यालाच आपण पाहुणे आहोत असे वाटावे. तो आपोआप हळू जातो.

तिसरे सूत्र हिरवाईचे. पंधरा हेक्टरच्या मध्यभागी एक बाग करून तिला कुंपण घालणे सोपे होते. तसे केले असते तर कार्यशाळा एकीकडे, बाग दुसरीकडे, आणि मध्ये दुकाने, अशी तीन शहरे झाली असती. इथे हिरवळ काठाकाठाने ठेवली. दक्षिणेला सटक्लिफ पार्क, पूर्वेच्या टोकाला गवताची टेकडी (तिला आज बॅसफर्ड यांचे नाव आहे), आणि पाण्याच्या कडेने चालायची वाट. शेडमधून बाहेर पडले की थोड्या पावलांवर पाणी किंवा गवत. काम करणाऱ्याने डबा खायला जावे आणि पाहणाऱ्याने फिरायला यावे, अशी एकच जागा. वेगळी 'कामगारांची बाग' आणि 'पर्यटकांची बाग' नाही.

चौथे सूत्र बाजाराच्या आतले. कायमच्या गाळ्यांबरोबर दिवसापुरती भाड्याने मिळणारी टेबले ठेवली. ज्याच्याकडे दुकान घालायचे भांडवल नाही, पण विकण्यासारखे काही हाताने केलेले आहे, त्याला दारातून आत यायला ही फट. आपल्याकडच्या आठवडी बाजाराचे तत्त्वच हे.

खरा आराखडा हिशेबाच्या वहीत

इथवर वाचून कुणी म्हणेल, चांगला वास्तुविशारद मिळाला आणि काम झाले. माझे मत वेगळे आहे. पत्रे, रुळ आणि फूटपाथ नसलेले रस्ते यांची नक्कल कुठल्याही मॉलला करता येते, आणि अनेकांनी ती केलीही आहे. ज्याची नक्कल होत नाही ते हिशेबाच्या वहीत आहे.

साधे गणित मांडू. एका शेडमध्ये एक कुंभार आहे. त्याला भट्टी, चाक, माती वाळवायची जागा असे बरेच क्षेत्रफळ लागते, आणि दिवसाकाठी तो मोजकी भांडी करतो. त्याच जागेत आइस्क्रीमचे दुकान घातले तर उन्हाळ्यातल्या एका रविवारी कुंभाराच्या महिन्याइतका गल्ला जमेल. जमीन ज्याला जास्त पैसे देता येतात त्याला द्यायची, असा एकच नियम ठेवला तर काही वर्षांत सगळीकडे आइस्क्रीम होईल. आणि सगळीकडे आइस्क्रीम झाले की लोक येईनासे होतील, कारण आइस्क्रीम तर कुठेही मिळते. लोक येतात ते कुंभार, होडीवाला, मासेवाला, नाटकवाले आणि खडीची मालमोटार एका ठिकाणी दिसतात म्हणून. म्हणजे आइस्क्रीमचा गल्ला काही अंशी कुंभाराने कमावलेला असतो, पण तो त्याच्या खिशात पडत नाही. बाजाराला हा हिशेब आपणहून जमत नाही. तो कुणीतरी घालून द्यावा लागतो.

बेटावर तो घालून दिला गेला, कारण सगळ्या जमिनीचा मालक एकच आणि तो सार्वजनिक. बाजारातले गाळे आणि उपाहारगृहे यांच्याकडून येणारे चढे भाडे आणि पार्किंगचे उत्पन्न यांतून कला, नाट्यगृहे, कार्यशाळा यांना कमी दराने जागा देता आल्या. देशभर पसरलेल्या साखळी दुकानांना दूर ठेवायचे धोरण ठेवले, नाहीतर सर्वांत चढी बोली त्यांचीच लागली असती. या पद्धतीने बेटाने अनेक दशके सरकारकडून रोजच्या खर्चासाठी पैसे न घेता कारभार चालवला. महासाथीपूर्वीच्या वर्षांत वर्षाकाठी एक कोटीच्या आसपास भेटी होत आणि सुमारे तीन हजार लोक तिथे काम करत. १९३० च्या १२०० कामगारांशी तुलना करताना हे मान्य केले पाहिजे, की आजच्या तीन हजारांतले बरेचसे विक्री आणि खानपान यांतले आहेत, बॉयलर बनवणारे नाहीत. बेटाने जड उद्योग वाचवला असे कुणी म्हणू नये. त्याने हाताने काम करणाऱ्याची शहरातली जागा वाचवली, एवढेच. पण तेही थोडे नव्हे.

समोरचा किनारा

हे 'एवढेच' किती मोठे आहे हे पाहायला लांब जायला नको. बाजाराच्या धक्क्यावर उभे राहून खाडीपलीकडे उत्तरेला पाहा. तिथे रेल्वेचे यार्ड आणि कारखाने होते. १९८६ साली तिथे एक्स्पो ८६ हे जागतिक प्रदर्शन भरले. ते संपल्यावर, १९८८ साली, प्रांतिक सरकारने सुमारे २०० एकरांची ती सगळी जमीन एकाच सौद्यात हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांच्या कंपनीला ३२ कोटी डॉलरला विकली, आणि तेही पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. पुढे तिथे जे उभे राहिले त्याला वाईट म्हणता येणार नाही. पालिकेने आग्रह धरून बागा, शाळा, काठाने चालायची वाट करून घेतली. आपल्यातली कितीतरी कुटुंबे तिथे राहतात, राहून गेली आहेत. रेल्वेचे इंजिन-आगारसुद्धा जपले आहे आणि त्यात एक जुने इंजिन चकचकीत करून ठेवले आहे. फक्त तिथे आता कुणी इंजिन दुरुस्त करत नाही. हिरवळ आहे, दुकाने आहेत, कार्यशाळा नाही. एकाच खाडीचे दोन काठ, काही वर्षांच्या अंतराने घेतलेले दोन निर्णय. एका काठावर जमीन विकली, दुसऱ्यावर राखली.

आणि आपले गिरणगाव

मराठी माणसाला हे सगळे वाचताना परळ-लालबाग आठवल्याशिवाय राहणार नाही. काळही तोच. बेटावरचा बाजार १९७९ चा, डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ चा. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. मागे राहिली ती जमीन, सुमारे ६०० एकर, बेटाच्या पंधरा-सोळा पट.

ही तुलना जपून करायला हवी. बेट पहिल्यापासून सरकारचे होते. गिरण्यांपैकी २५ सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे होत्या, पण बाकीच्या खासगी मालकीच्या. तरीसुद्धा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत, नियम ५८ मध्ये, एक चांगला विचार होता. गिरणीची मोकळी जमीन विकासाला काढली तर तिचे तीन वाटे करायचे : एक पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सरकारी गिरण्यांच्या जमिनीचा एकत्रित विचार करून आराखडा मांडला. मग २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. वाटे करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे, शेड पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे नव्हे, असा तिचा अर्थ झाला. गिरणीच्या आवारात शेडच सगळी जागा व्यापून असतात, तेव्हा वाट्याला काय येणार? मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली जनतेच्या बाजूने कौल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती वैध ठरवली. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज अनुभवतो ते हेच. हजार ओळींच्या कार्यक्रमात एका शब्दाची व्याख्या बदलली की उत्तर पूर्ण पालटते. इथे तो शब्द होता 'मोकळी जमीन'.

पण त्याहून मूळ गोष्ट अशी, की १९९१ च्या त्या तीन वाट्यांतही चौथा वाटा नव्हता. बाग होती, घर होते, मालकाचा नफा होता, पण कामाची जागा अशी नावाने राखलेली नव्हती. गिरणगाव हे मुळात गिरणी, चाळ, खानावळ, दुकान, व्यायामशाळा आणि नाटकाची तालीम यांचे एकमेकांत विणलेले वस्त्र होते. त्यातला कामाचा धागा ओढला गेला आणि बाकीचे उसवत गेले. ज्या शेडमध्ये माग चालत त्यांच्या जागी आज मॉल आणि कचेऱ्या आहेत. त्यांत नोकऱ्या आहेत हे खरे, पण ज्यांच्या हातचे काम गेले त्यांच्यासाठी त्या नव्हत्या.

यशाचा धोका

ग्रॅनव्हिल आयलंडची गोष्ट इथे सुखान्त करून सोडून देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. २०१७ साली एमिली कार विद्यापीठ बेट सोडून नव्या आवारात गेले आणि विद्यार्थ्यांची वर्दळ एकदम थांबली. त्यांच्या रिकाम्या इमारतींपैकी एकीत २०२१ साली मुलांना कला शिकवणारी आर्ट्स अंब्रेला ही संस्था आली. २०२० च्या महासाथीत पर्यटक थांबले, तेव्हा सगळ्यांना पोसणारे गाळ्यांचे आणि पार्किंगचे उत्पन्नच आटले, आणि केंद्र सरकारला १ कोटी ७० लाख डॉलरची मदत करावी लागली. एकाच्या कमाईवर दुसऱ्याला तगवायचे तर कमावणारा आजारी पडल्यावर काय, हा प्रश्न तेव्हा उघडा पडला.

दुसरा धोका हळू चालणारा आहे. गर्दी वाढली की कार्यशाळेतले विक्रीचे टेबल मोठे होत जाते आणि कामाचे लहान. पाट्या त्याच राहतात, कारागीरही तोच राहतो, पण वस्तू मात्र दुसरीकडे तयार होऊन येऊ लागते. २०१७ च्या 'ग्रॅनव्हिल आयलंड २०४०' या आराखड्यात कला आणि नवनिर्मितीवर भर देण्याची भाषा आहे, ती चांगलीच आहे. पण भाषेपेक्षा भाड्याच्या तक्त्याकडे लक्ष ठेवावे असे माझे मत आहे. काँक्रीटच्या टाक्यांवर २०१४ साली ब्राझीलच्या जुळ्या भावांनी, ओस जेमियोस यांनी, प्रचंड रंगीत चित्रे काढली. सगळे आता त्यांचे फोटो काढतात. चित्रे सुंदर आहेत. मात्र टाकी महत्त्वाची आहे ती तिच्यात आजही सिमेंट भरले जाते म्हणून.

वाचकहो, हे सगळे आपल्याला कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. खाडीच्या दक्षिण किनाऱ्यावर पालिकेने १९७० च्या दशकात जमीन न विकता साठ वर्षांच्या पट्ट्याने घरे बांधू दिली. ते पट्टे २०३६ पासून संपू लागतील. त्या जमिनीचे पुढे काय, बेटाचे पुढे काय, याच्या सभा होत राहतील. आपण या शहरात कर भरतो, मत देतो, आपली मुले इथेच कामाला लागली आहेत. गणपतीला हॉल भरतो, पण नगररचनेच्या सुनावणीला आपल्यातले कुणी फारसे दिसत नाही. एकदा जाऊन पाहावे. तिथे रंगीत चित्रे दाखवली जातील, त्यांत झाडे असतील, दुकाने असतील, हसरी माणसे असतील. चित्र पाहून झाल्यावर तीन साधे प्रश्न विचारावेत : जमीन कुणाच्या नावावर राहणार? भाडे कोण ठरवणार आणि कशावरून? आणि आज तिथे जो काम करतो आहे, तो दहा वर्षांनी तिथेच काम करत असेल का? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर मग झाडे कुठे लावायची ते आराखडेवाल्यांवर खुशाल सोडावे.